नवतप्यातली पानवाडी

बहात्तरच्या दुष्काळात आमचा पानमळा गेला. पुढं विहिरीला पाणी आल्यावर मी दोनदा लावण केली. दोन्ही वेळा वेली कमरेएवढ्या झाल्या आणि मुळं कुजून मेल्या. मिरज तालुक्यातल्या आमच्या पट्ट्यात सगळ्यांच्या मळ्यांत तेच चाललं होतं, तेव्हा बेणं मागायचं तरी कुणाकडं? पानांचा व्यापार करणारे आमचे अडते एकदा नागपूरला जाऊन आले होते. ते म्हणाले, "रामटेककडची बरई माणसं गवताच्या छपराखाली वेल वाढवतात. पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा. तिथलं बेणं निरोगी असणार." त्यांनी एक पत्ता दिला. मी कार्ड टाकलं. महिन्याभरानं शिसपेन्सिलीनं लिहिलेलं उत्तर आलं, खाली नाव सोनबाजी. मजकूर एवढाच : 'वेल आहे. या. लवकर या.'

ते 'लवकर' मी रीतीचं समजलो. हळदीची कामं उरकली, घरची दोन कार्यं उरकली आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. मृग लागायच्या आत बेणं घेऊन परत यायचं आणि पावसाच्या तोंडावर लावण करायची, असा हिशेब होता. जे दिवस मी निवडले होते त्यांना तिकडं वेगळं नाव आहे, हे नागपूरला उतरेपर्यंत मला माहीत नव्हतं.

जरीपटका

सोनबाजींचा मुलगा नामदेव जरीपटक्याच्या बाजारात पानठेला चालवतो, आधी त्याला भेटा, असं अडत्यांनी सांगितलं होतं. सकाळचे दहा वाजले असतील. रस्त्याचं डांबर पातळ झालेलं. एका चौकात माझी चप्पल त्यात रुतली आणि ओढून काढताना चपलेचा अंगठा तुटला. तसाच पाय ओढत, विचारत विचारत ठेल्यापाशी पोचलो तर नामदेवनं पहिल्यांदा मला पाणी दिलं, मग एका मोच्याकडं चप्पल पाठवली आणि मग नाव विचारलं.

तिशीचा, अंगानं बारीक, बोलायला मोकळा माणूस. गिऱ्हाइकाशी हिंदी बोलायचा, माझ्याशी मराठी. समोर लाल ओल्या फडक्यावर पानं मांडलेली. पान दिसलं की माझा हात आपोआप जातो. उचलून पाहिलं. मोठं, काळसर, जाड पान.

"हे तुमच्या वाडीचं?"

नामदेव हसला. "आमचं कुठून जी? हे कलकत्त्याचं. रेल्वेनं येते."

"आणि रामटेकचं?"

"सणासुदीले एखादा म्हातारा मागते. मी म्हनतो, संपलं." त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "पन तुमी नवतप्यात काहून आले? ह्या नऊ दिवसात आमच्या अठी कुत्रंबी सावली सोडत नाही."

रोहिणी नक्षत्र लागल्यापासूनचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. आमच्याकडं उन्हाळा हा उन्हाळाच असतो, कमी-जास्त. त्याचे दिवस कोणी मोजत नाही. इथं लोक ते मोजतात. आज तिसरा, आज चौथा. नामदेवनं स्वतःचा दुपट्टा माझ्या डोक्याला, कानांवरून घट्ट बांधला आणि खिशात एक कांदा घातला. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून. शेजारच्या हॉटेलात तर्री-पोहे खायला घातले. पोह्यांवर लाल तिखट रस्सा ओतून खातात हे मी प्रथमच पाहिलं. घामानं भिजलो, पण पोट शांत झालं.

"तू चल की बरोबर," मी म्हणालो.

त्यानं पानाला चुना लावणं थांबवलं नाही. "मी नाही येत. बाबा बोलत नाही माह्यासंग. चार वर्सं झाले. बरयाचा पोरगा असून दुसऱ्याचं पान इकते म्हनून."

मग त्यानं मला एस.टी.त बसवून दिलं.

सावरझरी

सावरझरीच्या फाट्यावर उतरल्यावर गावापर्यंत दोन मैल चालायचं होतं. येण्याचा दिवस मी कार्डानं कळवला होता, त्यामुळं सोनबाजी ओला पंचा डोक्यावर घेऊन घ्यायला आले होते. पासष्टीचे, उंच, पाठीत किंचित वाकलेले. मला वाटलं होतं की इकडं जंगल असेल. आमच्याकडं शाळेच्या पुस्तकात विदर्भ म्हटलं की जंगल. समोर जो डोंगर दिसत होता त्याच्यावर झाड नव्हतं. खुरटी झुडपं, उघडे दगड, आणि पावसानं पाडलेल्या लाल घळी.

सोनबाजी चालता चालता म्हणाले, "हा पहाड पाहून राहिले ना? माह्या लहानपनी ह्याच्यात दिवसा जायाले भेव वाटे. मंग ठेकेदार आले. खाणीले लाकूड लागे, ते नेलं. मंग कोयसेवाले आले, भट्ट्या लावल्या."

"गावानं अडवलं नाही?"

"गाव?" ते थांबले. "उरलं ते गावानंच नेलं. चुलीले, वाडीच्या मांडवाले. मीबी नेलं. खोटं काहून बोलू?"

वाटेत तलाव लागला. तलाव म्हणजे भेगा पडलेली माती, आणि मध्यावर बायका वाटीनं पाणी भरत बसलेल्या. त्यांनी मातीत खड्डे खणले होते. तळाशी पाणी झिरपायची वाट बघायची आणि वाटी-वाटीनं घागरीत टाकायचं. डोंगरावरची झाडं गेली तशी दर पावसाळ्यात माती वाहून तलावात येऊ लागली. तलाव उथळ झाला. पूर्वी मृगापर्यंत पुरणारं पाणी आता होळीलाच आटतं, आणि तलाव आटला की खालच्या विहिरी आटतात.

"तलाव कुठं गेला म्हून लोक इचारते," सोनबाजी म्हणाले. "मी म्हनतो, कुठं नाही गेला. त्याच्यात पहाड येऊन बसला."

तलावाच्या खालच्या अंगाला बरयांच्या वाड्या. घरटी एक होती म्हणे. आता नुसते बांबूचे सांगाडे उभे होते, काहींवर वाळकं गवत लोंबत होतं. शेवटच्या टोकाला एका मांडवाला भिंती होत्या. ती सोनबाजींची. तिथं पोचल्यावर मला त्या कार्डावरच्या 'लवकर'चा अर्थ कळला.

वाडीत

आमच्याकडं पानमळा उघड्या आभाळाखाली असतो. शेवरी, पांगरा, शेवगा ही झाडं लावायची आणि त्यांच्यावर वेल चढवायची. मळ्यात वारा खेळतो, पाखरं येतात. सोनबाजींची वाडी म्हणजे घरच होतं. बांबूचा मांडव, वर गवताचं छप्पर, चारी बाजूंना तुराट्यांच्या भिंती, आत जायला एक बुटकं दार. दाराशी पाण्याचं मडकं. चप्पल काढून, पाय धुऊन आत जायचं. चप्पल आम्हीही मळ्याबाहेर काढतो, पण पाय धुवायची रीत आमच्यात नाही. सोनबाजींनी मडक्यातलं पाणी चुळकाभर घेतलं, दोन्ही पावलांवर पुसल्यासारखं फिरवलं. मीही तसंच केलं.

आत बारा ओळी होत्या. नऊ मेलेल्या. वेली बांबूंवर तशाच चिकटून होत्या, काळ्या दोऱ्यांसारख्या. उत्तरेच्या भिंतीला लागून तीन ओळी हिरव्या, पण पानं बारकी, खुडायच्या लायकीची नाहीत. सोनबाजी मेलेल्या ओळींमधून मान न वळवता चालत गेले.

त्यांची बायको कौसाबाई आत होत्या. हातात लहान लोटा. एकेका वेलीच्या मुळाशी बेताबेतानं पाणी सोडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या भाऊ. नवी सून होती तवा दुपारची मी अठी येऊन निजो. उन्हाळ्यात थंडी वाजे. आता पाहा." वर छपराला भोकं होती आणि त्यातून उन्हाचे कवडसे वेलींवर पडले होते. ज्या पानावर कवडसा तिथं तपकिरी डाग. छपराचं गवत डोंगरावर मिळत नाही, लांबून आणावं लागतं. तुराट्या मिळतात, पण बांबू जुना झाला की नवा कुठून आणायचा?

मी बेण्याचं बोलणं काढलं नाही. त्या तीन ओळींकडं बघून धीरच झाला नाही.

जेवायला ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि वाटीभर आंबील होती. जवसाची चटणी आमच्याकडंही करतात, पण ही तिखटजाळ. कौसाबाई वाढताना म्हणत राहिल्या, "घ्या ना जी, लाजू नोका." ताटं धुतली नाहीत. राखेनं घासली आणि फडक्यानं पुसली.

माझी आंघोळ

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो. घरात कोणी नव्हतं. न्हाणीजवळ पितळी गुंड भरून ठेवलेला. अंग चिकट झालेलं, दोन दिवसांचा प्रवास. पाहुण्यासाठी ठेवलं असेल असं समजून मी आंघोळ केली. सगळं पाणी संपवलं. पाहुण्याला पहाटे आंघोळीचं पाणी काढून ठेवणं ही आमच्या घरची रीत, मला दुसरं काही सुचलंच नाही.

केस पुसत अंगणात आलो तर कौसाबाई परसातून येत होत्या. त्यांनी रिकामा गुंड पाहिला. गुंड उचलला आणि विहिरीच्या वाटेला लागल्या. मी मागं गेलो. विहिरीच्या तळाशी सोनबाजी उतरलेले होते. रात्रभरात जेवढं पाणी झिरपतं तेवढं वाटीनं पोहऱ्यात भरत होते, वरून ओढायला कोणी यायची वाट बघत. रोजचे दोन गुंड. एक घराला, एक वाडीला. मी वाडीचा गुंड अंगावर ओतला होता.

कौसाबाईंच्या हातातला दोर मी घेतला. वरून ओरडलो, "सोनबाजी, माझ्याकडनं चूक झाली. वाडीचं पाणी मी—"

खालून आवाज आला, "ओढा, ओढा. भरला पोहरा."

त्या दिवशी घराच्या गुंडातलं अर्धं पाणी वाडीला गेलं. नंतर मी तिथं होतो तोवर आंघोळीचं नाव काढलं नाही, आणि पहाटेचा दोर माझ्याकडं घेतला. पण एका ओळीच्या शेवटच्या सात-आठ वेलींना त्या दिवशी पाणी पोचलं नाही, हे मी मोजून पाहिलं होतं.

वावधन

माझ्या मुक्कामाच्या चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेला आभाळ मातकट झालं. मला वाटलं, पाऊस. सोनबाजी ओट्यावरून उठून धावतच सुटले. त्यांना या वयात धावताना पाहून मीही मागं पळालो.

तो पाऊस नव्हता. धुळीचा वारा होता, तिकडं वावधन म्हणतात. पूर्वी डोंगरावरची झाडं आणि शेजारच्या वाड्या तो अडवायच्या. आता मधे काहीच नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा पश्चिमेची तुराट्यांची भिंत अंग टाकत होती. आम्ही दोघांनी पाठ लावून ती धरली. तापल्या तव्याची धग यावी तशी धग फटींतून येत होती. मग वरचं छप्पर एका कडेनं उचललं, दोनदा आपटलं आणि उडून गेलं. त्याबरोबर भिंतही आमच्या अंगावर बसली.

वारा अर्ध्या तासात थांबला. ऊन तसंच होतं. आणि आता ते सरळ त्या तीन ओळींवर पडत होतं.

"गोधड्या आन वं! घरातलं सारं आन!" सोनबाजी ओरडले.

कौसाबाईंनी गोधड्या आणल्या, गोणपाटं आणली, माझा पंचा, नामदेवचा दुपट्टा, सगळं आणलं. उघड्या बांबूंवर आम्ही ते टाकत गेलो. पुरेना. मग त्या घरात जाऊन एक हिरवं काठाचं लुगडं घेऊन आल्या, घडी न मोडलेलं. सोनबाजी त्याच्याकडं बघत राहिले. "हे नोको," ते म्हणाले. "नामदेवाच्या लग्नातलं हाये."

"मंग काय पेटीत जाळू?" कौसाबाई म्हणाल्या आणि ते त्यांनी मांडवावर फेकलं.

तरी संध्याकाळी पाहिलं तेव्हा दोन ओळींची पानं तळलेल्या पापडासारखी कडक झाली होती. बोट लावलं की मोडत होती.

नामदेव

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एकाच्या सायकलवरून फाट्यावर गेलो आणि पहिल्या एस.टी.नं नागपूर गाठलं. सोनबाजींना सांगितलं नाही. नामदेव ठेला मांडत होता. मी झालेलं सांगितलं. त्यानं मांडलेली पानं पुन्हा टोपलीत भरली, ठेला शेजाऱ्याच्या हवाली केला, आणि बाजारात फिरून गोणपाटं आणि बांबूच्या चटया मिळवल्या. बसच्या टपावर चढवून आम्ही दोघं परत निघालो. वाटेत तो एकदाच बोलला. "मायचं लुगडं टाकलं म्हनता?"

पोचेपर्यंत दुपार झाली होती. सोनबाजी वाडीत, तिसऱ्या ओळीपाशी उकिडवे बसले होते. नामदेव चटया घेऊन दाराशी आला आणि घाईत तसाच आत शिरू लागला.

"पाय धू," सोनबाजी म्हणाले. मान वळवली नाही.

नामदेव मागं फिरला. चटया खाली ठेवल्या, चुळकाभर पाणी घेऊन पाय धुतले. चार वर्षांत बापानं मुलाशी बोललेले ते पहिले शब्द. नंतर तासभर दोघं मांडवावर चटया बांधत होते. एक वरून दोर सोडायचा, दुसरा खालून धरायचा. हात एकमेकांना ओळखत होते. मी खाली राहून गाठी ओढून दिल्या.

काम झाल्यावर सोनबाजींनी एकेक वेल नखानं खरवडून पाहिली. हिरवं निघतं का तपासत होते. दोन ओळी संपल्या होत्या. तिसरीतल्या भिंतीलगतच्या वेली जिवंत होत्या, पण शेंड्याची पानं मान टाकून.

ते माझ्याजवळ येऊन बसले. "भाऊ, तुमी बेन्यासाठी आले. इतके दिवस इचारलं नाही."

"आता कसं विचारू?"

"आता घेऊन जा. सारं."

मी नाही म्हणालो. आमच्यातही एक नेम आहे, बेणं देताना मूळची वेल राखायची. कोणी कितीही मागितलं तरी घर वेलीवाचून ठेवायचं नाही. मी तसं बोललो. नामदेवही म्हणाला, "बाबा, दोन येल तरी ठेवा."

"पानी?" सोनबाजी म्हणाले.

विहिरीत त्या दिवशी पहाटे एकच गुंड भरला होता; दोर मीच ओढला होता.

ऊन उतरल्यावर सोनबाजींनी वेली कापल्या. स्वतःच कापल्या, कोणाला हात लावू दिला नाही. चार-चार डोळ्यांचे तुकडे, आम्ही करतो तसेच. कौसाबाईंनी मांडवावरचं हिरवं लुगडं उतरवलं, घराच्या गुंडातल्या पाण्यात भिजवलं आणि बेणं त्यात गुंडाळलं. वरून गोणपाट. "उन्हात उघडू नोका," त्या मला सांगत होत्या. "सकाय-संध्याकाय शिपडा. आन नागपंचमीले पान खुडू नोका, आमच्यात खुडत नाही. येल नागाची हाये."

पैशांचा विषय मी काढला तेव्हा सोनबाजींनी हात जोडले. मग ते वाडीच्या दाराशी गेले आणि पाय धुवायच्या मडक्यात उरलेलं पाणी त्यांनी अंगणातल्या तुळशीत ओतलं.

घरी

नामदेव स्टेशनपर्यंत आला. गाडी सुटेपर्यंत नळावरून ओंजळी आणून गोणपाटावर शिंपडत होता. वाटेत प्रत्येक स्टेशनवर मी तेच केलं. तरी घरी उघडलं तेव्हा निम्मं बेणं काळं पडलेलं होतं. उरलेलं लावलं. त्या वर्षी आमच्याकडं पाऊस वेळेवर आला. त्यातलं काही जगलं, आणि कुजलं नाही. वर्षभरात दोन ओळी उभ्या राहिल्या. बायको लुगडं धुऊन, इस्त्री करून परत पाठवायला निघाली, पण उन्हानं त्याचा रंग मधोमध उडाला होता आणि कापड विरलं होतं. शेवटी तिनं दुसरं नवं घेऊन त्याबरोबर ठेवलं.

दुसऱ्या नागपंचमीला आम्ही पान खुडलं नाही. तिसऱ्या दिवशी पहिली खुडणी केली, निवडक पानं केळीच्या सोपटात बांधली आणि नागपूरला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर नामदेवकडं पाठवली. लुगडीही पाठवली.

नामदेवचं पत्र आलं. आई-बाबा आता जरीपटक्यात त्याच्याजवळच राहतात. वाडीचे बांबू काढले, जागेवर तूर पेरली होती, ती उगवली नाही. पुढं लिहिलं होतं : 'बाबांनी एक पान खाल्लं. कसं आहे विचारलं तर म्हणाले, चांगलं आहे. दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, पान चांगलं आहे पण आपलं नाही. त्यांची माती लागली त्याला. आईनं बाकीची पानं गल्लीत वाटली.'

आमच्या बाजारात आता लोक ते रामटेकचं पान म्हणून नाव घेऊन मागतात. मी बांधून देतो. पत्र बायकोला वाचून दाखवलं तेव्हा तिनं करंडीतलं एक पान तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि म्हणाली, "मला तर फरक कळत नाही. तुम्हाला कळतो?"

मला कळायचा प्रश्नच नव्हता. रामटेकचं पान मी कधी खाल्लंच नाही. तिथं होतो त्या दिवसांत त्या वाडीत खाण्याजोगं एकही पान उरलं नव्हतं.